विश्लेषण : जुन्या गाडीच्या वेगाचा काटा का थरथरतो? केबल बदलण्यापूर्वी काय तपासायचे?

हिवाळा सुरू झाला की जुन्या मोटारींच्या मालकांची लगबग सुरू होते. आच्छादने निघतात, बॅटऱ्या चार्ज होतात, रविवारच्या फेऱ्या ठरतात. वर्षातील बराच काळ उभी राहिलेली गाडी रस्त्यावर आली की हटकून जाणवणारा एक बिघाड म्हणजे वेग दाखवणारा काटा. कधी तो ताप भरल्यासारखा थरथरतो, कधी किंचाळल्यासारखा आवाज करतो आणि कधी शून्यावरून हलतच नाही. ‘मीटरची केबल गेली’ असे निदान गॅरेजमध्ये मिनिटभरात होते. अनेकदा ते बरोबरही असते. मात्र नवी केबल घातल्यावर ती आठवडाभरात पुन्हा तुटते, तेव्हा मूळ दुखणे दुसरीकडेच होते हे कळते. ही केबल नेमके काय करते, ती का तुटते, ती बदलताना कोणती काळजी घ्यायची आणि चालू नसलेला वेगमापक हा केवळ शोभेचा प्रश्न का नाही, याविषयी…

केबलच्या गाड्या कोणत्या?

आजच्या गाड्यांमध्ये चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्सवरचा सेन्सर विजेचे संदेश पाठवतो आणि त्यावरून वेग दिसतो. त्याआधी कित्येक दशके हे काम एका फिरत्या तारेने केले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसॅडर, स्टँडर्ड हेराल्ड, जुनी मारुती ८०० या साऱ्या गाड्यांत वेगाचा काटा केबलवरच चालत असे. पुढच्या चाकापासून हँडलपर्यंत जाणारी बजाज चेतकची ‘मीटर वायर’ अनेकांनी स्वतः बदललेली असेल. तत्त्व तेच, फक्त मोटारीत केबल लांब असते आणि तिची वाट अवघड असते.

महाराष्ट्राचे या गाड्यांशी असलेले नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्याखाली बनवलेली गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेली. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सींसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. खासगी मालकांकडे मात्र अशा गाड्या आजही आहेत. त्यातील सुरुवातीच्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे.

काटा हलतो कसा?

गाडी धावू लागली की गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा शाफ्ट फिरतो. त्यावर स्क्रूसारखे आटे असलेला एक भाग असतो, त्याला वर्म म्हणतात. वर्मला भिडलेले एक छोटे दाती चाक, म्हणजेच पिनियन, केबलच्या खालच्या टोकाला फिरवते. केबलचे वरचे टोक डॅशबोर्डमागे मीटरमध्ये शिरते. शाफ्टचा संबंध थेट चाकांशी असल्याने गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली तरी केबल फिरते. इंजिन नुसते चालू ठेवून गाडी उभी असेल तर ती फिरत नाही.

काही गाड्यांची व्यवस्था वेगळी होती. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये ही केबल पुढच्या एका चाकाच्या पोकळ आसातून बाहेर येते आणि चाकावरच्या ग्रीसच्या टोपणाला अडकवलेली असते. चाक फिरले की टोपण फिरते आणि टोपणाबरोबर तार. त्यामुळे ‘केबल गिअरबॉक्सलाच असणार’ असे गृहीत धरून गाडीखाली शिरण्याआधी त्या मॉडेलची रचना पाहणे बरे.

मीटरच्या आतली करामत त्याहून रंजक आहे. वर आलेली तार एका लहान चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना टेकत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. वेग वाढला की ओढ वाढते, स्प्रिंग तेवढी ताणली जाते आणि काटा पुढे सरकतो. ओट्टो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये याच तत्त्वावरील वेगमापकाचे पेटंट घेतले. पुढे जवळपास शतकभर जगातील बहुतेक गाड्या याच युक्तीवर वेग दाखवत होत्या.

त्याच तारेवर आणखी एक यंत्रणा चालते, ती म्हणजे एकूण किलोमीटर मोजणारा ओडोमीटर. तिथे चुंबकाचा काही संबंध नसतो. तारेच्या फेऱ्या दात्यांच्या चाकांमधून थेट आकड्यांच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतात. बिघाड शोधताना हा फरक फार उपयोगी पडतो.

तार नेमकी कशी असते?

बाहेरून दिसते ते नुसते आवरण. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी आणि तिच्यावर रबराचा किंवा प्लास्टिकचा थर. हे आवरण जागेवर स्थिर राहते. आत फिरते ती पोलादाच्या बारीक तारांचे अनेक थर देऊन विणलेली लवचीक तार. एक थर उजवीकडे, दुसरा डावीकडे अशी गुंफण असल्याने ती वळणातून जाते आणि तरीही पीळ न पडता फिरते. दोन्ही टोके चौकोनी दाबलेली असतात. ती चौकोनी खाचांत बसतात, म्हणून घसरत नाहीत.

तिच्यावर किती भार पडतो याचा अंदाज एका हिशेबातून येतो. अनेक जुन्या अमेरिकी गाड्यांची केबल दर मैलाला एक हजार फेरे घेत असे, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. या हिशेबाने दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात आतली तार ६२ लाखांहून अधिक वेळा फिरते. तेही वळणदार नळीत, धूळ, उष्णता आणि वाळलेल्या ग्रीससह. आश्चर्य तिच्या तुटण्याचे नाही, इतकी वर्षे टिकण्याचे वाटावे.

बिघाड कुठे, हे कसे ओळखायचे?

पहिली खूण काटा आणि ओडोमीटर यांची तुलना. गाडी चालताना काटा शून्यावर असेल, पण किलोमीटरचे आकडे सरकत असतील, तर केबल ठणठणीत आहे. दोष मीटरच्या आत, चुंबक, वाटी किंवा स्प्रिंगपाशी आहे. अशा वेळी केबल बदलणे म्हणजे दात दुखतो म्हणून चष्मा बदलण्यासारखे. उलट काटा चालतो आणि आकडे थांबले आहेत, तर ओडोमीटरची दातेरी चाके खराब झाली आहेत. दोन्ही एकदम बंद पडले तरच संशय केबल किंवा पिनियनकडे वळतो.

काटा थरथरत असेल तर बहुधा तार कोरडी पडली आहे किंवा केबलला कुठे तरी तीव्र वळण बसले आहे. तार अडखळते, पीळ साठतो आणि मग एकदम सुटतो. काटा ताशी ३० ते ५० च्या मध्ये झोके घेतो तो यामुळे. किंचाळणारा आवाज कोरड्या तारेचा असू शकतो किंवा मीटरमधील चुंबकाच्या दांड्याचाही. दांडा कोरडा असेल तर तो अडकत जातो. असा जड झालेला मीटर नव्या केबललाही पिळून तोडतो. ‘केबल टिकतच नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

खात्री करण्याची एक साधी पद्धत आहे. केबलचे वरचे टोक मीटरमधून सोडवायचे. सपाट जागेवर, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, एकाने स्टिअरिंगजवळ बसायचे आणि दुसऱ्याने गाडी दोन-तीन मीटर हळू ढकलायची. किलोमीटरला सुमारे ६२१ फेरे धरले तर दोन मीटरमध्ये तार एका फेऱ्याहून थोडी जास्त फिरायला हवी. फिरली, तर केबल आणि पिनियन दोन्ही ठीक आहेत आणि मीटर दुरुस्तीला काढावा लागेल. फिरली नाही, तर तार बाहेर ओढून पाहायची. अर्धीच हातात आली तर ती तुटली आहे. अखंड आली, पण टोकाचा चौकोन घासून गोल झाला असेल, तरीही ती बादच. तार धडधाकट निघाली तर गिअरबॉक्समधील पिनियनचे दाते तपासायचे.

मीटरची चाचणीही याच वेळी होते. मीटरच्या मागील चौकोनी खाचेत तारेचा छोटा तुकडा घालून बोटांनी फिरवून पाहायचा. तो हलकेच फिरला पाहिजे आणि योग्य दिशेने झटका दिल्यावर काट्याने उसळी घेतली पाहिजे. तो जड लागत असेल तर नवी केबल बसवण्याआधी मीटर कारागिराकडे गेला पाहिजे.

नवी केबल निवडताना काय पाहायचे?

जुनी केबल फेकून न देता दुकानात सोबत नेणे हा पहिला नियम. पुण्याची नाना पेठ असो, मुंबईतील सुट्या भागांचे बाजार असोत की दिल्लीचे काश्मिरी गेट, जुन्या गाडीचा भाग नावापेक्षा नमुन्यावरून लवकर सापडतो. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक टोके बदललेली असू शकतात. म्हणून चार गोष्टी जुळवून घ्यायच्या : आवरणाची लांबी, दोन्ही टोकांच्या नटांचे आटे, तारेच्या चौकोनाचा आकार आणि मीटरच्या बाजूने तार किती बाहेर डोकावते ते. ब्रिटिश बनावटीच्या अनेक मीटरसाठी हे डोकावणे साधारण एक सेंटिमीटर असते.

ही शेवटची गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. तार थोडी जरी लांब असली तरी नट आवळताना ती मीटरच्या दांड्यावर दाब देते. दांडा आत ढकलला जातो, मीटर किंचाळू लागतो आणि काही दिवसांत निकामी होतो. तार आखूड असेल तर ती खाचेतून निसटते आणि खड्ड्यागणिक काटा शून्यावर येतो. नेमक्या मापाची केबल मिळत नसेल तर आवरण जुने ठेवून आतली तार मापाने बनवून घेता येते. मात्र त्यासाठी आवरण कुठेही चेपलेले किंवा उसवलेले नसावे.

बदलण्याची पद्धत कशी?

काम अवघड नाही, पण गाडीखाली जावे लागते. म्हणून सुरुवात सुरक्षेपासून. सपाट, कडक जमीन, चाकांना अडथळे, हँडब्रेक आणि गाडीला आधार देणारे पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नये. विटा किंवा दगडांचा आधारही धोक्याचाच. सायलेन्सरचा पाइप गिअरबॉक्सजवळून जातो, त्यामुळे इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे.

त्यानंतर बॅटरीची एक तार काढावी. डॅशबोर्डमागे पन्नास वर्षांच्या वायरी असतात. त्यांचे आवरण ठिसूळ झालेले असते. त्या गर्दीत पाना किंवा अंगठी उघड्या टोकाला लागली तर ठिणगी पडते आणि पुढचा खर्च केबलच्या कितीतरी पट होतो.

काही सुटे करण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. केबल कोणत्या क्लिपमधून गेली आहे, स्टिअरिंगच्या कोणत्या बाजूने वळली आहे, पत्र्यातील कोणत्या भोकातून आत आली आहे, हे दोन तासांनी आठवत नाही.

मीटरच्या मागचा खाचेदार नट शक्यतो हातानेच सुटतो. हात पोहोचत नसेल तर काही गाड्यांत मीटर पुढून सैल करून थोडा बाहेर ओढावा लागतो. ओढताना दिव्यांच्या वायरींवर ताण येणार नाही हे पाहावे. खाली गिअरबॉक्सकडे एक तर नट असतो किंवा बोल्टने दाबलेली छोटी पट्टी. ते सोडवण्याआधी तिथली माती तारेच्या ब्रशने साफ करावी, अन्यथा ती थेट गिअरबॉक्समध्ये जाते. खाली एखादे पसरट भांडे ठेवावे, कारण थोडे तेल ओघळते. काम झाल्यावर तेलाची पातळी तपासावी.

जुनी केबल काढल्यावर पत्र्यातील भोकाचे रबरी बूच पाहावे. ते कडक होऊन फाटले असेल तर बदलावे. त्याशिवाय पत्र्याची धार नव्या आवरणाला कापत राहते आणि पावसाचे पाणी व इंजिनचा धूर आत येतो.

नवी केबल टाकताना वळणे मोठी ठेवणे हे साऱ्यात महत्त्वाचे. वळणाची त्रिज्या पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी आणि मीटरला जोडण्यापूर्वीचा पाच सेंटिमीटरचा भाग सरळ असावा, ही ब्रिटिश मीटर बनवणाऱ्यांची जुनी शिफारस आजही लागू पडते. केबल सायलेन्सरला टेकू नये, क्लच किंवा स्टिअरिंगच्या हालचालीत अडकू नये. क्लिप इतकीच आवळावी की केबल धरली जाईल, पण आवरण चेपणार नाही.

आधी खालचे टोक बसवावे. चौकोन खाचेत नीट बसला की आवरण विनासायास आत सरकते. सरकत नसेल तर नट आवळून जबरदस्ती करू नये, तार किंचित फिरवून पुन्हा प्रयत्न करावा. मग वरचे टोक मोकळे ठेवून गाडी पुन्हा दोन मीटर ढकलावी. तार सहज, न अडखळता फिरते आहे याची खात्री झाल्यावरच मीटर जोडावा. दोन्ही नट हाताने घट्ट करणे बहुधा पुरेसे असते.

ग्रीस किती लावायचे?

इथे हौस नडते. तारेला ग्रीसचा पातळ हात हवा, मात्र सगळ्या लांबीभर नको. वरचा, म्हणजे मीटरकडचा वीतभर भाग कोरडाच ठेवावा. फिरती तार स्क्रूसारखी वागते आणि ग्रीस हळूहळू वर चढवते. ते मीटरमध्ये शिरले की चुंबक आणि वाटी यांच्यातील बारीक फट भरते. मग काटा उगाच जास्त वेग दाखवतो किंवा गाडी थांबल्यावरही शून्यावर यायला वेळ लावतो. असा मीटर उघडून साफ करणे हे नाजूक आणि खर्चिक काम आहे.

जुनी तार बाहेर काढली तेव्हा ती वरपर्यंत तेलाने माखलेली दिसली तर तो इशारा समजावा. गिअरबॉक्सकडील ऑइल सील गळत असून तेल केबलमधून वर चढते आहे. सील न बदलता नवी केबल घातली तर काही महिन्यांत मीटरही जाईल.

काटा खरे बोलतो का?

केबल नवी झाली म्हणजे वेग अचूक झाला, असे नाही. काट्याचा सारा हिशेब मूळ चाकाच्या घेरावर आणि गाडीतील गिअरच्या प्रमाणावर बेतलेला असतो. चाकाचा घेर १.९ मीटर असेल तर एका किलोमीटरला चाक सुमारे ५२६ वेळा फिरते. त्याऐवजी पाच टक्के कमी घेराचे टायर बसवले तर तेच अंतर कापायला चाक सुमारे ५५४ वेळा फिरेल आणि काटा प्रत्यक्षापेक्षा अधिक वेग दाखवेल. मोठे टायर बसवले तर उलट घडते, म्हणजे काटा कमी वेग दाखवतो. धोका या दुसऱ्या प्रकारात आहे. युरोपातील सध्याच्या नियमांनुसार वेगमापकाने प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवायचा नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो. त्यामागचा विचार हाच.

तपासणी सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर ठेवायचा आणि सोबत बसलेल्याने किलोमीटरच्या दोन दगडांमधील वेळ मोजायची. ३६०० ला आलेल्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. ६० सेकंद लागले तर ताशी ६० किलोमीटर, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. मोबाइलमधील जीपीएसशीही तुलना करता येते, मात्र तो चालकाने हातात धरू नये.

मोबाइलवर वेग दिसतो, मग केबलचा खटाटोप कशाला?

हा प्रश्न हल्ली हमखास विचारला जातो. पहिले उत्तर कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११७ वेगमापकाविषयीच आहे आणि वेगमापक हा वाहनाचा आवश्यक भाग मानला जातो. दुसरे उत्तर सुरक्षेचे. जुन्या गाडीत एबीएस नाही, एअरबॅग नाही, अनेकदा चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. तिला थांबायला आजच्या गाडीपेक्षा जास्त अंतर लागते. आधुनिक गाड्यांच्या ओघात आपण ४५ ने चाललो आहोत की ६५ ने, हे इंजिनाच्या आवाजावरून ठरवणे घाटाच्या उतारावर महागात पडू शकते. बोगद्यात किंवा दाट झाडीत जीपीएसही अडखळतो.

तिसरे उत्तर ओडोमीटरचे. केबल बंद म्हणजे किलोमीटरची नोंद बंद. तेल कधी बदलायचे, गाडी लिटरला किती देते, टायर किती चालले, हे सारे अंदाजावर जाते. गाडीचे चालणे कमी दिसावे म्हणून विक्रीपूर्वी केबल काढून ठेवण्याची लबाडी पूर्वीपासून चालत आली आहे. त्यामुळे ‘केबल वर्षभर तुटलेली होती’ हे वाक्य खरे असले तरी खरेदीदाराला खोटे वाटते. मुंबईच्या टॅक्सीबाहेर झेंड्यासारखा पाडायचा जुना मीटरही अशाच फिरत्या तारेच्या फेऱ्या मोजून भाडे ठरवत असे. तार आणि हिशेब यांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

‘व्हिंटेज’ नोंदणीशी याचा काय संबंध?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार आणि मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती चालवता येते.

या नियमांत गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. केबल मिळत नाही म्हणून डॅशबोर्ड कापून डिजिटल मीटर बसवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो काही तासांत अमलात येतो, पण कापलेला डॅशबोर्ड परत जोडता येत नाही. दुरुस्ती आणि फेरफार यांतील सीमारेषा इथे आहे. केबल, सील, रबरी बूच हे झिजणारेच भाग आहेत. ते बदलल्याने गाडीचे मूळ रूप बिघडत नाही.

मालकांनी कोणती नोंद ठेवावी?

केबल बदलली त्या दिवशी ओडोमीटरचा फोटो काढावा. ज्या तारखेपासून मीटर बंद होता ती तारीख, त्या काळात गाडी अंदाजे किती चालली आणि नवी केबल कोणत्या आकड्यावर बसवली, एवढे गाडीच्या वहीत लिहून ठेवावे. मीटर दुरुस्त करताना आकडे बदलले गेले असतील तर तेही लिहावे. पुढे गाडी मुलांकडे गेली किंवा विकली गेली, तर ही चार ओळींची नोंद शंका मिटवते.

जुनी, पण अखंड निघालेली तार गुंडाळून डिकीत ठेवायला हरकत नाही. पुढच्या वेळी दुकानात नमुना म्हणून तीच उपयोगी पडेल. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, तार बाहेर काढून रॉकेलने पुसावी, सुकू द्यावी आणि खालच्या भागाला पुन्हा पातळ ग्रीस लावावे. अर्ध्या तासाचे हे काम केले तर काटा थरथरत नाही आणि गॅरेजमध्ये ‘केबल गेली’ हे शब्द बरीच वर्षे ऐकावे लागत नाहीत.